सत्तावन्न मिनिटं, ओव्हर न म्हणता

"सगळ्या जगाचे फोन बंद पडू द्या, मी बोलत राहीन!"

हे वाक्य मुकुंदराव वर्षातून किमान दोनशे वेळा म्हणत. दूधवाल्याला म्हणत, सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणत, भाचीला बघायला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा त्यांनी पोह्यांबरोबर ते ऐकवलं होतं. पाहुण्यांनी पुढे फोनच केला नाही. "बघ, बंद पडले ना फोन!" असं उमाताई तेव्हा म्हणाल्या होत्या.

मुकुंदराव हे हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात स्वतःचं बिनतारी यंत्र बसवायचं आणि एरवी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. पण वादळ आलं, पूर आला, मोबाईलचे मनोरे गप्प झाले, की हीच माणसं गावागावांतून निरोप पोचवतात. काम मोठं पुण्याचं! संभाजीनगरच्या त्यांच्या मंडळात अकरा सभासद होते आणि त्या अकरांसाठी नियम करणारे एकटे मुकुंदराव होते. समर्थनगरातल्या गच्चीवर त्यांचा अँटेना उभा होता. त्यावर तळमजल्यावरच्या वच्छलाबाई पापडाचं फडकं वाळत घालत, म्हणून त्यांच्यासाठीही एक नियम होता. तो त्या पाळत नसत.

मुकुंदरावांचं आयुष्यात आता एकच मागणं उरलं होतं. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात मंडळाला एक टेबल मिळावं! एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर एक प्लग. संकट आलं की दुसऱ्याच्या खिडकीखाली ताटकळत उभं न राहता आपल्या हक्काच्या जागी बसून बोलता यावं. बारा वर्षं ते अर्ज करत होते. तीन अधिकारी बदलले, अर्जांची जाडी वाढली, टेबल काही आलं नाही.

आणि यंदा नीरजा मॅडम आल्या. नव्या अधिकारी, वय पस्तिशीचं, बोलणं मोजकं. त्यांनी सगळे अर्ज वाचले. खरोखर वाचले! मग म्हणाल्या, "रविवारी शेंद्र्याला सराव आहे. कारखान्यात वायुगळती झाली आणि फोन बंद पडले, असं धरून चालायचं. घटनास्थळाहून मला सगळी खबर रेडिओवर द्या. जमलं तर सोमवारी टेबल."

"जमलं तर? मॅडम, सगळ्या जगाचे फोन..."

"रविवारी बघू," मॅडम म्हणाल्या.

शनिवारी औरंगपुऱ्यातल्या एका सभासदाच्या दुकानावर, माळ्यावर, मंडळाची बैठक झाली. मुकुंदरावांनी नियम वाचून दाखवले. नियम एक : सरावाच्या वेळी मोबाईल बंद! नुसता खिशात नाही, बंद! मोबाईलवर आलेला निरोप कुणीही घ्यायचा नाही. नियम दोन : काही झालं तरी ठरलेली फ्रिक्वेन्सी सोडायची नाही.

"पण काका, काही अडचण आलीच तर?" विश्वजितनं विचारलं. विश्वजित चाळिशीचा, बँकेत अधिकारी. रविवारी आपत्ती कक्षातला रेडिओ तोच सांभाळणार होता.

"अडचण आलीच तर मी आहे ना!" मुकुंदराव म्हणाले. आणि या एका वाक्यात, मंडळी, ते अक्षरशः खरं बोलले होते.

रविवारी सकाळी दहाला मुकुंदराव निळ्या गाडीत बसले. गाडीतला रेडिओ त्यांनी थेट बॅटरीला जोडला होता. संकटात चावी हरवली तरी रेडिओ चालू राहायला हवा! त्या यंत्रात एक शहाणपणाची सोय होती. कुणी सलग तीन मिनिटांहून जास्त बोललं, की यंत्र आपोआप त्याचं तोंड बंद करी. मुकुंदरावांनी ती सोय पहिल्याच दिवशी काढून टाकली होती, कारण त्यांचं एकही बोलणं तीन मिनिटांत आटोपत नसे.

इतक्यात पलीकडचं दार उघडून उमाताई आत बसल्या. मांडीवर स्टीलच्या डब्यांची भली मोठी पिशवी.

"हे काय? अगं, मी आपत्तीला चाललोय!"

"शेंद्र्यालाच ना? मग मला चतुराबाईकडं सोडा. तूप आणायचंय. मागच्या महिन्यापासून सांगतेय."

"हा सराव आहे, उमा. फोन बंद कर तुझा. नियम एक!"

उमाताईंनी फोन बंद केला. क्रांती चौकातून गाडी जालना रस्त्याला लागली, तसा मुकुंदरावांनी माइक तोंडापाशी नेला, बटण दाबलं आणि भारदस्त आवाजात जाहीर केलं, "फिरतं केंद्र शेंद्र्याकडे निघालं आहे. ओव्हर!"

ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. बटण सोडल्यावर दुसऱ्याला बोलता येतं. जोवर एकाचं बटण दाबलेलं, तोवर बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. रेडिओचा सगळा संसार या एका शिस्तीवर चालतो. मुकुंदरावांनी बटण सोडलं, माइक दोन सीटांच्या मधल्या फटीत ठेवला. उमाताईंना मांडीवरची पिशवी जड झाली होती. त्यांनी ती उचलून त्याच फटीवर ठेवली, नीट दाबून बसवली आणि सुस्कारा सोडला.

पिशवीखाली बटण दाबलं गेलं. रेडिओवर एक बारीक लाल दिवा लागला. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"कशाला एवढा आटापिटा करता त्या टेबलासाठी?" उमाताई म्हणाल्या.

हा आवाज आपत्ती कक्षातल्या मोठ्या स्पीकरमधून स्पष्ट घुमला. समोर नीरजा मॅडम बसल्या होत्या. मागे अग्निशमनवाले, पोलीस, आरोग्य खात्याचे लोक आणि चहावाला. विश्वजितनं घाईघाईनं माइक उचलला, "काका, तुमचं बटण दाबलेलं आहे! काका!" पण ज्याचं बटण दाबलेलं, त्याला कसं ऐकू येणार?

"तुला नाही कळायचं," मुकुंदराव रंगात आले होते. "या बाईंनासुद्धा रेडिओतलं काय कळतंय? काल मला विचारतात, याला रिचार्ज किती मारावा लागतो! पण टेबल मिळेपर्यंत आपण मान डोलवायची."

कक्षात चहावाल्यानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी चहाचा घोट घेतला.

"आणि तो विश्वजित! चांगला आहे बिचारा, पण माइक असा धरतो, जसा काही आता चाटणारच आहे. मी शिकवलं म्हणून इथवर आला."

"तुम्ही शिकवलं? आपला अँटेना त्यानं बसवला. तुम्ही खाली शिडी धरून उभे होतात."

"शिडी धरणं हेच मुख्य काम असतं!"

विश्वजितनं दुसरा उपाय केला. मुकुंदरावांना फोन लावला. बंद! उमाताईंना लावला. तोही बंद! नियम एक. बाकीच्या सभासदांना त्यानं फोनवरूनच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलावलं. मंडळातले सगळे नियम मोडून सगळे तिकडे गेले आणि आपापली कामं करू लागले. पण शेंद्र्याची खबर देणारा माणूस एकच होता आणि तो बायकोशी बोलत होता.

"एक विचारू?" उमाताई म्हणाल्या. "वादळातलं ते प्रमाणपत्र हॉलमधून काढून आत लावा की. येणारा-जाणारा विचारतो आणि मला तुमच्या तोंडाकडं बघून हसू येतं."

"हळू बोल!"

"गाडीत कोण ऐकतंय?"

मुकुंदरावांचा आवाज उतरला. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात वाट चुकलेल्या शाळेच्या बसचा ठावठिकाणा त्यांनी रेडिओवरून कळवला, असा मंडळात लौकिक होता. प्रमाणपत्र त्याचंच होतं. "अगं, बॅटरी संपली होती माझी," ते म्हणाले. "नेमकी त्याच वेळी मोबाईलला रेंजची एक काडी आली. मग काय करणार? चिंचेच्या झाडामागं गेलो आणि आपत्ती कक्षाला फोन केला. कुणी कारकुनानं उचलला असेल. आवाज बदलून बोललो मी. मंडळाला सांगायची लाज वाटली गं. इतकी वर्षं मी सगळ्यांना रेडिओ, रेडिओ म्हणत आलो आणि ऐन वेळी मला फोनच करावा लागला."

कक्षात विश्वजित टेबलाकडे बघत राहिला.

चिकलठाण्याच्या पुढे गाडी थांबली. "अगं बाई!" उमाताई ओरडल्या. "कापसाचा टेम्पो उलटलाय! सगळा रस्ता पांढरा झालाय. आपली बाजूही बंद आणि शहराकडं जाणारीही बंद. अहो, समोरून अँब्युलन्स अडकलीय बघा. खरी वाटतेय. बाजूला एक म्हातारी रडतेय."

काच खाली गेली. "काय झालं हो मावशी?"

"लेकीला कळा आल्यात, ताई! पहिलटकरीण हाय. अर्धा घंटा झाला, गाडी जागची हालंना!"

"अहो, त्या पेट्रोल पंपामागून कच्चा रस्ता आहे, नाल्याच्या कडेनं. चतुराबाईचा जावई तिथूनच येतो. मोठी गाडी जाते. पण तोंडाशी दोन ट्रक उभे केलेत. पोलीस पाहिजे हटवायला. कुणाला सांगावं आता?"

"फोन बंद आहेत आणि रेडिओवर सांगावं तर सगळे ते सरावातलंच समजतील," मुकुंदराव म्हणाले. आणि मग मात्र त्यांना राहवलं नाही. "खड्ड्यात गेला नियम! तू फोन लाव."

उमाताईंनी फोन चालू करायला घेतला, पण तो जुना फोन चालू व्हायलाच पाच मिनिटं घेई. तो अजून कंपनीचं चित्र दाखवत होता, तेवढ्यात दोन पोलीस मोटारसायकलवरून आले. त्यांनी शिट्ट्या मारून ट्रक हटवले आणि अँब्युलन्स पंपामागून काढून दिली. सरावाची दुसरी अँब्युलन्सही त्यांनी त्याच वाटेनं शेंद्र्याकडे वळवली आणि मुकुंदरावांची गाडी तिच्या मागे लागली.

"बघ!" मुकुंदराव म्हणाले. "यंत्रणा कशी जागी आहे! ठेव तो फोन बंद."

ते शेंद्र्याला कारखान्याच्या मैदानावर पोचले, तेव्हा पावणेअकरा वाजत आले होते. मैदानात सरावाचे जखमी ओळीनं झोपले होते. त्यातच तिसऱ्या नंबरला, गळ्यात लाल पाटी अडकवून, डोळे मिटून चतुराबाई!

"अगं चतुराबाई, तू इथं? मी तुझ्याकडंच येत होते. तूप..."

"उमाताई, माज्याशी बोलू नगा. म्या बेसुद हाय." चतुराबाईंनी एक डोळा उघडला. "सरपंचानं सांगितलंय, सायब येऊन बगंस्तोवर उठायचं नाय. तूप घरी फळीवर हाय. पर जरा माज्या पदरावरला मुंगळा काढा, लई चावायलाय."

मुकुंदरावांनी गाडी पार्किंगमध्ये लावली, कुलूप घातलं आणि हातातला लहान रेडिओ तोंडाशी धरला. "शेंद्रा घटनास्थळ बोलतोय. कंट्रोल, ओव्हर!" उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. रेडिओवरचा काटा तेवढा शेवटच्या आकड्याला टेकून बसला होता. आवाज शून्य, जोर पूर्ण!

मुकुंदरावांचा चेहरा लाल झाला. "कुणीतरी फ्रिक्वेन्सी अडवून बसलंय! आणि इथंच कुठंतरी जवळ आहे!"

बारा वर्षांचं टेबल कुणी एक उपटसुंभ बटण दाबून उधळत होता! मुकुंदरावांनी डिकी उघडली आणि आपलं खास हत्यार काढलं. प्लॅस्टिकच्या नळीवर सुताराच्या मोजपट्टीचे तुकडे बसवून केलेला अँटेना. तो ज्या दिशेला रोखून जोर वाढेल, तिकडे रेडिओ लपलेला. लपवलेला रेडिओ असा हुडकून काढण्याची हॅम लोकांची स्पर्धा असते आणि मुकुंदराव तीत दोनदा दुसरे आले होते. स्पर्धक तिघे होते, हे ते सांगत नसत.

अँटेना रोखून ते मैदानभर फिरू लागले. मागे कारखान्याचे दोन वॉचमन, त्यांच्या मागे कामगार, त्यांच्या मागे कंटाळलेले चार जखमी. मुकुंदराव वळले की वरात वळे. भिंतीकडे गेले, जोर कमी. गेटकडे गेले, जोर कमी. पार्किंगकडे वळताच काटा थरथरून टोकाला!

"सापडला!" मुकुंदराव पुटपुटले.

पार्किंगमध्ये दोनच गाड्या होत्या. एक त्यांची निळी आणि तिला खेटून सरावाची अँब्युलन्स. अँब्युलन्सचा चालक फकिरा उतरून त्यांच्याकडेच पळत येत होता, हातात मोबाईल घेऊन.

"साहेब! कंट्रोलचा फोन हाय तुमाला! अर्जंट हाय म्हनत्यात!"

"मोबाईल?" मुकुंदराव गरजले. "सरावात मोबाईल? बंद करा तो!"

"अरे साहेब, बात तो सुनो! विश्वजित साहेब म्हनतेत की तुमच्या गाडीत..."

"मोबाईलवर आलेला निरोप मी घेऊ शकत नाही! नियम एक! आणि आधी मला सांगा, तुमच्या अँब्युलन्समध्ये कुठला वायरलेस चालू आहे? काटा तुमच्याकडंच बोट दाखवतोय!"

"वायरलेस? साहेब, हिच्यात हॉर्न बी धड वाजत नाय!"

मुकुंदरावांनी अँब्युलन्स झडती घेतल्यासारखी उलटीपालटी केली. स्ट्रेचरखाली पाहिलं, प्रथमोपचाराची पेटी हुंगली. फकिरा मोबाईल पुढे करून त्यांच्या मागे मागे फिरत होता आणि मोबाईलमधून बारीक आवाजात "काका! काका!" ऐकू येत होतं. मुकुंदरावांनी कानांवर हात ठेवले. नियम मोडणारा मी नव्हे!

"सूक्ष्म तपासणी करावी लागेल," ते म्हणाले. त्यासाठी लागणारी, जवळचा जोर मोजणारी डबी गाडीत होती. त्यांनी आपल्या गाडीचं दार उघडलं, हातातल्या रेडिओसकट आत वाकले आणि मागे जमलेल्या गर्दीला ऐकू जावं म्हणून ओरडले, "ज्या कुणा गाढवानं ही फ्रिक्वेन्सी अडवली आहे, त्याला जन्मात पुन्हा माइकला हात लावू देणार नाही मी!"

हातातल्या रेडिओतून त्यांचाच आवाज आला, "हात लावू देणार नाही मी!" आणि पाठोपाठ अशी कुईंऽऽऽ शिट्टी घुमली, की मैदानातले उरलेसुरले बेशुद्धसुद्धा उठून बसले.

मुकुंदराव गोठले. त्यांच्या काखेखालून चतुराबाईंनी डोकं आत घातलं. गळ्यातली लाल पाटी तशीच लोंबत होती. "अवं साहेब, हितं ह्यो लाल दिवा कशाचा जळायलाय? ह्या डब्याच्या पिशवीखाली काय घावलंय बगा."

उमाताईंनी पिशवी उचलली. दिवा विझला. अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

मग गाडीतल्या रेडिओतून विश्वजितचा थकलेला आवाज आला. "काका, फ्रिक्वेन्सी मोकळी झाली. धन्यवाद. ओव्हर."

"विश्वजित," मुकुंदरावांनी दोन्ही हातांनी माइक धरला. "किती... किती ऐकू आलं? ओव्हर."

"सगळं, काका. स्पीकरवर. मॅडम पहिल्यापासून बसल्यात. ओव्हर."

मुकुंदरावांना मैदानात तिसऱ्या नंबरला मोकळी झालेली चतुराबाईंची जागा फार बरी वाटली. तिथे जाऊन डोळे मिटून पडावं आणि कुणी साहेब येऊन बघेपर्यंत उठूच नये!

परतीच्या वाटेवर त्यांनी माइककडे पाहिलंसुद्धा नाही. टेबल तर गेलंच होतं. पण चिंचेच्या झाडामागचं ते बोलणं विश्वजितसकट भरल्या कक्षानं ऐकलं होतं, ते जास्त लागत होतं. आपत्ती कक्षाच्या दारात त्यांनी उमाताईंना म्हटलं, "तू गाडीतच बस." उमाताई उतरल्या आणि त्यांच्याबरोबर आत आल्या.

"मॅडम, चूक माझी आहे," मुकुंदराव उभ्या उभ्याच म्हणाले. "बाकीच्यांनी नीट काम केलंय. आणि ते वादळाचं प्रमाणपत्र मी परत आणून देतो."

"बसचा निरोप पोचला होता ना?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"मुलं घरी आली?"

"आली."

"मग प्रमाणपत्र ठेवा. मला निरोप पोचण्याशी मतलब आहे."

"काका," विश्वजित हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी इथंच मदतीला होतो, तो फोन मीच उचलला होता. आवाज बदलला होतात, पण शेवटी ओव्हर म्हणालात."

तीन वर्षं! तीन वर्षं हा माणूस गप्प बसला होता आणि आपण त्याच्या माइक धरण्यावर बोलत होतो! मुकुंदरावांचे डोळे भरून आले. त्यांनी नाक शिंकरून ते रुमालात लपवलं.

"आणि ती पहिलटकरीण वेळेत पोचली," मॅडम म्हणाल्या. "मुलगी झाली. टेम्पो उलटल्याचं पोलिसांना आम्ही इथून कळवलं, आम्हाला उमाताईंकडून कळलं. वाट कुठली, अडथळा काय, कोण हवंय, सगळं मोजक्या शब्दांत. सकाळपासून इतकी स्वच्छ खबर मला एकाही खात्याकडून मिळाली नाही. उद्या पत्र देते. टेबल मंजूर."

मुकुंदराव उमाताईंकडे बघतच राहिले. मग विश्वजितकडे, मग भिंतीवरच्या प्लगकडे. बारा वर्षं!

सोमवारी पत्र आलं. मुकुंदरावांनी ते घरात मोठ्यानं वाचलं. टेबल मंजूर, खुर्ची मंजूर, प्लग मंजूर. टेबलावर बसणार : विश्वजित. घटनास्थळाहून खबर देणार : उमाताई, परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होताच. मुकुंदरावांनी पान उलटलं. मागच्या बाजूला त्यांचंही नाव होतं. गाडी चालवणार : मुकुंदराव. त्याखाली मॅडमनी हातानं लिहिलं होतं, "रिचार्ज लागत नाही, हे आता समजलं."

पुढचे आठ दिवस मुकुंदरावांनी टेबलाची बातमी सगळ्या गल्लीला सांगितली. दूधवाला खूश झाला, सेक्रेटरीनं हात मिळवला. वच्छलाबाई पापडाचं फडकं घेऊन गच्चीवर निघाल्या होत्या. त्या जिन्यातच थांबल्या.

"अहो, अभिनंदन! मग आता टेबलावर रोज किती वाजता बसता?"

मुकुंदरावांनी गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. वर उमाताई उद्याच्या परीक्षेचा धडा मोठ्यानं पाठ करत होत्या.

"छे हो," ते म्हणाले, "आमचं काम फिरतीचं!"